कापसाची ओटी आणि संसद

यवतमाळकडच्या गावागावांतील व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. प्रजनन आरोग्य आणि स्त्रियांचे हक्क हे 1994 साली कैरोत शिजलेले परदेशी खूळ आहे. लोकसंख्या आवरायची तर दोन मुलांनंतर नसबंदीची सक्ती करावी. आणि बाळंतपण ही घरातली गोष्ट असल्यामुळे खासदारांनी त्यात न पडता कापसाच्या भावावर बोलावे, असे त्याचे म्हणणे. गोष्ट घरातलीच असेल तर सक्ती कोणत्या हक्काने करणार, हा प्रश्न लिहिणाऱ्याला पडलेला दिसत नाही.

कैरोत लोकसंख्या आणि विकासावरची आंतरराष्ट्रीय परिषद झाली आणि तिथला कृतिकार्यक्रम 179 देशांनी स्वीकारला, हे खरे आहे. परंतु मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव 1938 सालीच आला होता, त्यासाठी डॉ. आंबेडकरांनी तयार केलेले भाषण त्यांच्या अनुपस्थितीत आमदार रोहम यांनी वाचले आणि ठराव फेटाळला गेला. 1942 साली नागपुरात स्त्रियांच्या हक्कांसाठी भरलेल्या दलित महिला परिषदेच्या अध्यक्षा अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. या प्रश्नावर काम करणारी भारतीय खासदारांची संघटनाही 1978 पासूनची आहे. आणि कैरोच्या पाच वर्षे आधी डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी करून जे मांडले, ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापले : 92 टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता आणि यापूर्वी अशी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के होत्या. ‘अंगावरून पांढरं जातं’ हे वाक्य बाई आजही आधी जावेच्या कानात सांगते, मग कधीतरी आशाताईला, तेही वेचणी संपल्यावर. हे दुखणे आमच्याच घरचे आहे. उलट जगाने ते आमच्याकडून ऐकले.

सक्तीचा प्रयत्नही करून झाला आहे. 1976 साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. कैरोने सक्ती आणि नसबंदीची ठरवून दिलेली उद्दिष्टे यांनाच विरोध केला, आणि 1996 मध्ये केंद्राने कुटुंबनियोजनाची उद्दिष्टे काढून टाकली. तरीही पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) महाराष्ट्राचा एकूण जननदर (एका स्त्रीला सरासरी होणारी मुले) 1.7 आहे, म्हणजे लोकसंख्या स्थिर राहण्यास लागणाऱ्या 2.1 पेक्षा कमी. त्याच सर्वेक्षणानुसार देशात स्त्री-नसबंदीचे प्रमाण 37.9 टक्के आणि पुरुष-नसबंदीचे 0.3 टक्के आहे. तेव्हा सक्ती आलीच तर ऑपरेशनच्या टेबलावर कोण असेल, हे उघड आहे.

राहिला कापूस. तो वेचते कोण? दिवाळीनंतर कुठल्याही वावरात जाऊन पाहावे : पोटाशी ओटी बांधलेल्या बायांच्या रांगेत एखादी सातव्या-आठव्या महिन्यातली असतेच, आणि संध्याकाळी काट्यावर तिचाही कापूस किलोनेच मोजला जातो. ती एक दिवस घरी राहिली, तर त्या दिवसाची वेचाई बुडते. 2017 मध्ये संसदेने प्रसूतिरजा 26 आठवड्यांची केली, पण ती आस्थापनेत नोकरी करणारीला. हिच्यासाठी आधार आहे तो 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याचा, ज्यात गर्भवतीला किमान 6000 रुपये मातृत्वलाभ लिहिला आहे. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत मात्र पहिल्या बाळंतपणाला 5000 रुपये मिळतात, आणि दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच 6000. दवाखान्यातल्या बाळंतपणासाठी असलेल्या जननी सुरक्षा योजनेचे पैसे मिळवले की सरासरी सहा हजार होतात, हे सरकारचे उत्तर. पण कायद्यात ‘सरासरी’ हा शब्द नाही.

गर्भपाताच्या कायद्यातही 2021 साली दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीनंतरच्या नियमांनुसार गरोदरपणात नवरा गमावलेल्या बाईला 24 आठवड्यांपर्यंत गर्भपाताची मुभा मिळते. शेतकऱ्यांच्या आत्महत्या पाहिलेल्या आमच्या जिल्ह्यांत या तरतुदीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ती दुरुस्ती खासदारांनीच मंजूर केली.

तेव्हा खासदारांनी कापसाच्या भावावर जरूर बोलावे. त्याच बैठकीत पहिलटकरणीच्या उरलेल्या हजार रुपयांचाही प्रश्न त्यांना विचारावा.