समितीचं पत्रक कापून लॅमिनेट केलं

"मॅडम, आता कायमचं टिकेल," असं म्हणत सांस्कृतिक विभागाच्या साहेबांनी आज दुपारी संस्थेच्या अभिलेखागारातल्या, म्हणजे जुनी कागदपत्रं जपायच्या विभागातल्या, माझ्या टेबलावर पाच चकचकीत प्लास्टिकचे ताव ठेवले. ही आपलीच पत्रकं आहेत हे मला क्षणभर कळलंच नाही. संयुक्त महाराष्ट्र समितीची, १९५७ च्या निवडणुकीतली. मूळ पत्रकं! गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणली.

१ मेच्या प्रदर्शनासाठी मागितली होती. मी म्हटलं, स्कॅन करून रंगीत प्रिंट देते, काचेखाली कुणाला फरक कळणार नाही. नाही! मोठे पाहुणे येणार, ओरिजिनलच हवं. वरून फोन आला. मी रजिस्टरमध्ये 'जशीच्या तशी परत करावीत' असं लिहून खाली सही घेतली आणि दिली. ती सही अजून आहे. पत्रकं मात्र गेली. हो, गेलीच म्हणायची.

त्यातलं गुलाबी पत्रक मला तोंडपाठ आहे. तालुक्याच्या गावी ट्रेडलवर, म्हणजे पायानं चालवायच्या छपाईयंत्रावर, छापलेलं, हलका कागद, चार घड्या, घडीवर विरलेला. उलटं करून बोट फिरवलं की खिळ्यांचा, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांचा, दाब लागायचा, 'जाहीर सभा' ही अक्षरं मागून हाताला जाणवायची. आज बोट फिरवलं तर नुसतं गुळगुळीत. 'सभा'च्या भा खाली हवेचा फुगा अडकलाय आणि घडीपाशी कागद वितळलेल्या प्लास्टिकमध्ये सरकून अक्षर दुभंगलंय. हे आता सुटत नाही. गरम डिंक कागदाच्या तंतूत शिरतो, सोडवायला गेलं तर शाईसकट वरचा थर निघून येतो. "दिल्लीलासुद्धा लॅमिनेशन करायचे की," असं मला ऐकवलं गेलं. करायचे. राष्ट्रीय अभिलेखागारात सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा पातळ पापुद्रा आणि टिश्यू कागद लावून, अ‍ॅसिटोन या द्रावकानं, शिकलेल्या हातांनी करायचे. पुढेमागे अ‍ॅसिटोननंच ते सोडवताही येत असे. शाळेच्या ओळखपत्राचं पाऊच आणि ते, दोन्ही एकच?

आणि हे एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. पाऊच ए-फोरचं. पत्रक त्यात मावेना. म्हणून दुकानदारानं कडा कापल्या. खालची पट्टी कापली. खालची!

खालच्या ओळीत काय असतं हे या कामात मुरलेल्या कुणालाही विचारा. मुद्रकाचं नाव आणि छापखान्याचं गाव. १८६७ च्या कायद्यानं ते प्रत्येक छापील कागदावर घालणं भाग होतं, म्हणून ते सापडतं. सरकार समितीच्या विरोधात असताना कुठल्या गावच्या कुठल्या छापखान्यानं हे छापायची हिंमत केली, ते त्या ओळीवरून कळतं. बाकी पत्रकावर काय होतं? 'रविवारी सायंकाळी ६ वाजता, बाजारतळावर.' साल नाही. पत्रकावर साल कोण घालतो, चार दिवसांवर सभा असते! ते साल समासात होतं. ज्या कार्यकर्त्याचा हा संग्रह, त्यांनी सभेनंतर पेन्सिलीनं तारीख टाकली होती आणि हिशेब लिहिला होता: ५०० छापली, ४७० वाटली, ३० शिल्लक. त्या तीसातलं हे एक. समास गेला, साल गेलं, छापखाना गेला. उरला तो गुलाबी रंगाचा शोभेचा कागद.

मी दुकानात गेले. तिथल्या पोरानं बिचाऱ्यानं बादली उपडी करून दाखवली. कालचा कचरा सकाळीच घंटागाडीत गेला होता. त्याच्यावर काय रागवणार, त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. राग आहे तो ज्यांना पगार शिक्षणसंस्थेचा मिळतो त्यांच्यावर.

मुळात राजकीय संग्रह म्हटलं की यांना हव्या असतात मोठ्या माणसांच्या सह्या. "अत्र्यांचं काही आहे का? एसेम जोशींचं पत्र?" आहेत, दाखवते. पण मंडप, कंदील आणि लाउडस्पीकरच्या भाड्याच्या पावत्या काढल्या की तोंडं वाकडी होतात. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला हे कुठल्याही पुस्तकात आहे. पण त्यानंतर गावोगावच्या सभांचा खर्च कुणी उचलला, सायकलवरून पत्रकं कुणी नेली, हे त्या पावत्यांतच आहे. संग्रह देणाऱ्यांच्या घरची मंडळीही हेच करतात. "महत्त्वाचं तेवढं वेगळं काढून आणलंय, बाकी रद्दीत दिलं." कुणी ठरवलं महत्त्वाचं? आणि दुसरे ते, ज्यांनी प्रेमानं सगळं तारखेवार लावून, प्रत्येक पत्राला सेलोटेप मारून आणलेलं असतं. ज्या माणसानं ती पत्रं ठेवली त्यानं कुठली पत्रं एका पुडक्यात बांधली होती, हीच तर आमची पहिली खूण. ती पुडकी सोडली की संपलं. सेलोटेपचं नाव काढलं तरी माझ्या डोक्यात तिडीक जाते. वीस-तीस वर्षांत टेप गळून पडतो आणि अक्षरांवर तेलकट तपकिरी डाग ठेवून जातो. आमच्याकडे पत्रांची एक पेटी आहे, तिच्यातल्या प्रत्येक सहीवर तो डाग आहे.

गेल्या वर्षी एका पुढाऱ्याचे कार्यकर्ते आले. साहेबांनी पक्ष बदललाय, त्यांच्या जुन्या पत्रातला एक मजकूर आता अडचणीचा झालाय, तेवढं एक पान काढून ठेवता का? मी म्हटलं, दानपत्र वाचा, त्यात पान काढायचं कलम नाही. तेव्हापासून आमच्या विभागाचा कुठलाही प्रस्ताव वर सरकत नाही. बाइंडरची जागा भरायला तयार नाहीत. मदतनीस अकरा महिन्यांच्या करारावर येतात, हात बसेपर्यंत करार संपतो. वीजबिलासाठी रात्री एसी बंद, सकाळी चालू. अरे, एकतर चोवीस तास ठेवा नाहीतर लावूच नका, या गार-गरमनं कागद रोज फुगतो आणि रोज आकसतो! लेखापरीक्षक विचारतात, डेडस्टॉकला, म्हणजे मालमत्तेच्या नोंदवहीत, या पत्रकाची किंमत काय लावली? लावा आता शून्य.

आणि आज सगळं ऐकून घेतल्यावर साहेब शांतपणे म्हणाले, "पण तुमच्याकडे स्कॅन आहे ना? मग झालं तर." स्कॅन आहे. पुढच्या बाजूचा. मागची बाजू आणि समास पुढच्या महिन्यात घेणार होतो, कारण स्कॅनर एक आणि माणूस एक. पण पूर्ण स्कॅन असता तरी? उद्या कुणी विचारलं, हे पत्रक खरं कशावरून, तर दाखवायला कागद लागतो. शाई, खिळ्यांचा दाब, कापलेली कड, पेन्सिलीचा जोर, हे पुरावे असतात हो. चित्र म्हणजे पुरावा नव्हे.

ही पत्रकं जपणाऱ्या समितीच्या कार्यकर्त्यांच्या मुलीनं हा संग्रह दिला. पंच्याऐंशीच्या आहेत त्या. टेम्पोत पेट्या चढवताना एक पेटी काही केल्या हातातून सोडेनात. म्हणाल्या, "बाबांनी पुरात ह्या डोक्यावर धरल्या होत्या. पाणी लागू दिलं नाही." मी त्यांना म्हटलं होतं, आजी, आता काळजी आमची.

१ मेच्या प्रदर्शनाला त्यांना मानानं बोलावलंय. गाडी पाठवणार आहेत. बाबांचं गुलाबी पत्रक बघायला त्या येणार, आणि त्याआधी मला त्यांना फोन करून सांगायचंय. संध्याकाळपासून तीनदा नंबर काढलाय. अजून लावलेला नाही.