दिरांचं एलिस आयलंड

“इथलं कुणी नाही का?” हे वाक्य मला गुरुवारी ऐकून घ्यावं लागलं आणि ते अजून पचलेलं नाही. डब्लिनमध्ये बसून, परदेशी गेलेल्या आयरिश माणसांच्या पणतवंडांना त्यांचे पूर्वज शोधून देणं हा माझा पोटाचा धंदा. आडनाव सातारचं, काम मात्र पॅट्रिकचा बाप नेमका कुठला जॉन ते सांगण्याचं. अमेरिकेहून एक बाई ठरलेल्या वेळी आल्या. हातात पिशवीत गुंडाळलेलं, घरातल्यांचे जन्म ज्यात लिहून ठेवले होते असं जुनं बायबल, आणि मागे त्यांचे दीर. वाक्य दिरांचं.

बाई सौम्य होत्या. वही, पेन्सिल, भिंग, सगळं आणलेलं. शोधायचा होता त्यांचा पूर्वज पॅट्रिक. मी दिरांना विचारलं, पॅट्रिक आपले कोण? “माझे? कुणीच नाही. ते वहिनीच्या माहेरचे. आम्ही जर्मन.” म्हणजे या प्रकरणाशी ज्यांचा रक्ताचा थेंबभर संबंध नाही, मतं सगळी त्यांच्याकडे. आपल्याकडे असत्या तर बाई त्यांना भावजी म्हणाल्या असत्या. मीही मनात तेच म्हणत होते, फक्त सूर वेगळा होता.

बायबल हातात आलं की नोंदींकडे नंतर बघायचं, आधी छपाईचं साल बघायचं. या प्रतीवर १८७४. आतल्या पानावर पहिला जन्म १८३८ चा, आणि त्यापुढच्या डझनभर नोंदी एकाच शाईत, एकाच हाताने. याचा अर्थ कुणीतरी एका बैठकीत, आठवणीतून हे सगळं उतरवून काढलंय. आठवण खोटी असतेच असं नाही, पण साल पाच वर्षं अलीकडे-पलीकडे धरून शोधावं लागतं. शाई आणि अक्षर जिथून बदलतं, तिथून पुढच्या नोंदी त्या-त्या वेळी लिहिलेल्या असण्याची शक्यता जास्त.

नोंद अशी होती: पॅट्रिक, जन्म क्वीन्स कौंटी १८३८, क्वीन्सटाउनहून निघाला १८६३. दिरांनी ती मोठ्यांदा वाचली आणि निकाल दिला, “क्वीन्स न्यूयॉर्कमध्ये आहे. म्हणजे तो मूळचा अमेरिकनच!”

“मग आयर्लंडहून जहाजात कशाला बसला?”

“परत यायला.”

क्वीन्स कौंटी म्हणजे आयर्लंडमधलाच एक जिल्हा, आजचं लीश. शेजारचं किंग्ज कौंटी म्हणजे ऑफली. स्वातंत्र्याच्या सुमाराला दोन्ही नावं बदलली. क्वीन्सटाउन म्हणजे कॉर्कजवळचं कोव्ह बंदर. राणी व्हिक्टोरिया तिथे १८४९ मध्ये येऊन गेली म्हणून ते नाव पडलं आणि १९२० पर्यंत टिकलं. ते पॅट्रिकचं गाव नव्हे, त्याने शेवटचं पाहिलेलं बंदर. दरवर्षी कितीतरी मंडळी कोव्हच्या धक्क्यावर उभी राहून ‘आमच्या मूळ गावी’ म्हणून फोटो काढतात. आजा ज्या फलाटावरून गाडीत बसला, त्या फलाटालाच ती मूळ गाव समजतात.

मग विषय आला आडनावाचा. आयरिश आडनावाच्या आधी लागतो तो ‘ओ’ कागदावर नव्हता, आणि घरात सांगायचे की पूर्वी होता.

“एलिस आयलंडवर कापला,” दीर म्हणाले.

मी सांगितलं की एलिस आयलंड, म्हणजे न्यूयॉर्कच्या बेटावरचं परदेशातून येणाऱ्यांना तपासून आत घेण्याचं केंद्र, उघडलं १ जानेवारी १८९२ ला आणि तिथे पहिली उतरली ती कॉर्कची ॲनी मूर. १८६३ मध्ये न्यूयॉर्कला पोचलेले लोक कॅसल गार्डनमधून आत जायचे. ते केंद्र १८५५ पासून १८९० पर्यंत चाललं. एलिस बेटावर तेव्हा नौदलाचा दारूगोळा ठेवलेला होता.

दिरांनी डोळे बारीक केले. “इमारत नंतरची असेल. पण कारकून असेल ना?”

“कुठे?”

“बेटावर.”

“दारूगोळ्यात?”

“सरकारी माणूस कुठेही बसवतात.”

पलीकडच्या टेबलावरचे एक गृहस्थ हसू दाबण्यासाठी नकाशात तोंड खुपसून बसले. मी नेटाने पुढे सांगत राहिले: एलिस आयलंडच्या काळातही उतारूंची यादी जहाज कंपनीची माणसं निघण्याच्या बंदरातच तयार करायची. न्यूयॉर्कचा कारकून समोरच्या माणसाची त्या यादीशी गाठ घालायचा. नवीन नाव ठेवायला तो काही आत्या नव्हता.

“मग ‘ओ’ कुणी कापला?”

“त्यांनीच. इथेच.” एकोणिसाव्या शतकात कितीतरी घराण्यांनी ‘ओ’ आणि ‘मॅक’ टाकून दिले होते. शतक सरता सरता आयरिश भाषेच्या अभिमानाचं वारं सुटलं तेव्हा अनेकांनी ते परत लावले. त्यामुळे एकाच घरातला एक भाऊ ‘ओ’वाला आणि दुसरा बिन-‘ओ’चा सापडतो. शोधताना दोन्ही रूपं टाकून बघायची, आणि स्पेलिंगवरून भांडायचं नाही. पाद्री कानाला जे ऐकू येई ते लिहायचा.

“स्वतःहून आडनाव कोण कापतं?” दीर म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या आडनावातली दोन जर्मन अक्षरं त्यांच्या आजोबांनी गाळली होती, हे त्यांनीच पाच मिनिटांपूर्वी कौतुकाने सांगितलं होतं.

बाईंना मी सांगितलं ते असं. आयर्लंडच्या नोंदींत लगेच उडी मारू नका, आधी अमेरिकेतले कागद संपवा. इथे साठ हजारांहून जास्त टाउनलँड, म्हणजे आपल्या वाड्यांसारखे जमिनीचे छोटे विभाग आहेत, काही तर चार घरांचे, आणि एकच नाव अनेक कौंटींत आढळतं. टाउनलँड किंवा निदान पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग) कळल्याशिवाय ‘पॅट्रिक, बाप जॉन, आई मेरी’ शोधणं म्हणजे सदाशिव पेठेत जाऊन जोशींचं घर विचारणं. १९०६ च्या आधीच्या नागरिकत्वाच्या कागदांवर बहुतेकदा नुसतं ‘आयर्लंड’ असतं, त्यावर वेळ घालवू नका. मृत्यूच्या दाखल्यावर आईवडिलांची नावं असतात, पण ती कुणी सांगितली तेही बघा. बरेचदा सांगणारा जावई असतो, ज्याने त्या दोघांना जन्मात पाहिलेलं नसतं. (इथे मी दिरांकडे बघितलं नाही. फार प्रयत्न करावा लागला.) चर्चमधली लग्नाची नोंद जास्त कामाची, कारण काही पाद्री वधूवरांची आयर्लंडमधली पॅरिश लिहून ठेवत. थडग्यावरचा मजकूर पूर्ण वाचा. न्यूयॉर्कची एमिग्रंट सेव्हिंग्ज बँक १८५० ची. खातेदाराची ओळख पटावी म्हणून ती गाव, आईबाप, भावंडं विचारून लिहून ठेवायची. ‘बॉस्टन पायलट’ या वर्तमानपत्रात १८३१ पासून १९२१ पर्यंत हरवलेल्या नातलगांच्या शोधाच्या जाहिराती यायच्या, त्यांत पॅरिशच काय, कधी टाउनलँडसुद्धा सापडतो. पॅट्रिकचं काही मिळालं नाही तर त्याच्या बहिणीचं शोधा, लग्नातल्या साक्षीदारांचं शोधा. माणसं सहसा एकटी येत नसत, गावच्या गाव एकाच गल्लीत राहायचं.

पॅरिश मिळाली की मग इकडे यायचं. जन्माची सरकारी नोंद १८६४ पासून, म्हणजे १८३८ च्या पॅट्रिकला तिचा उपयोग नाही. त्याच्यासाठी कॅथलिक बाप्तिस्म्याच्या वह्या. साधारण १८८० पर्यंतच्या वह्यांची चित्रं राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ पासून फुकट खुली केली आहेत. पुष्कळ वह्यांत माणसांची पहिली नावं लॅटिनमध्ये, जेम्सचा जेकोबस आणि विल्यमचा गुलिएल्मुस. सूचीवर विसंबू नका, मूळ पान उघडा. थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव द्यायची रीत असल्यामुळे पाच भावांचे पाच थोरले एकाच नावाचे निघतात. त्यांना वेगळं करतं ते आईचं माहेरचं आडनाव आणि बाप्तिस्म्याला धर्मपालक म्हणून उभे राहिलेले दोघे.

“पण सगळं जळलं ना?” दीर. हे एक सगळ्यांना पाठ असतं. जळलं ते ३० जून १९२२ ला, यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या कोर्टाच्या आवारातल्या सरकारी दफ्तरखान्यात. १८२१ ते १८५१ च्या शिरगणत्या बहुतेक गेल्या, प्रोटेस्टंट चर्चच्या निम्म्याहून जास्त वह्या गेल्या. कॅथलिक वह्या पाद्र्यांकडेच होत्या म्हणून वाचल्या. मात्र १८६१ आणि १८७१ च्या शिरगणत्या सरकारने आधीच आपल्या हाताने नष्ट केल्या होत्या, आणि १८८१ आणि १८९१ च्या पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईपायी लगद्याला पाठवल्या. आगीबद्दल अश्रू ढाळणारे पुष्कळ भेटतात. लगद्याचं नाव कुणी काढत नाही, मला तर त्याचाच जास्त संताप येतो.

पूर्ण हाती आहेत त्या १९०१ आणि १९११ च्या. त्यांत म्हातारी माणसं दहा वर्षांत पंधरा वर्षांनी मोठी होतात. १९०९ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना पेन्शन सुरू झालं, हे त्यामागचं एक कारण. वयाच्या पुराव्यासाठी तेव्हा १८४१ आणि १८५१ च्या शिरगणतीतून उतारे काढले जात. मूळ कागद जळले, पण त्या तपासणीचे बरेच अर्ज शिल्लक आहेत.

“तुमच्या देशात तर असलं काही नसेल,” दीर जाता जाता म्हणाले, सहानुभूतीने. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्या यांच्या डोक्यात घालाव्यात, त्याही बांधणीसकट, असं वाटलं.

बाई दुसऱ्या दिवशी एकट्या आल्या. फार चांगलं काम झालं. दीर म्हणे घराण्याचं कुलचिन्ह (कोट ऑफ आर्म्स) आणायला गेले होते. ते कुलचिन्ह आडनावाला नसतं, एका ठराविक माणसाला आणि त्याच्या वंशजांना बहाल केलेलं असतं, हे त्यांना सांगायला कुणी नव्हतं. त्याच रात्री त्यांनी वहिनीच्या घराण्याचा वृक्ष इंटरनेटवर चढवला: पॅट्रिक, आगमन एलिस आयलंड, १८६३. लोक असले वृक्ष डोळे मिटून उतरवून घेतात. पुढच्या उन्हाळ्यात कुणीतरी तेच पान छापून आणून माझ्यापुढे पुरावा म्हणून ठेवेल, आणि ते कसं चूक आहे हे सांगण्याच्या तासाचे पैसे मागितले की तोंड वाकडं करेल.