दुबई कोर्टाचा निकाल दाखवला की प्लँट ताब्यात? – खुलासा

रावेर-जळगावकडच्या केळी निर्यातदारांमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘भागीदारीच्या वादात दुबई कोर्टाचा निकाल लागला की तो पोलिसांना दाखवा, एमआयडीसीतला प्लँट लगेच ताब्यात मिळतो.’ हे साफ चूक आहे, कृपया पुढे पाठवू नका.

जानेवारी २०२० पासून दुबईची न्यायालये दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली येतात, एवढं खरं. त्यामुळे तिथल्या हुकूमनाम्याच्या (निकालातल्या अंतिम आदेशाच्या) अंमलबजावणीसाठी इथे नवा दावा लागत नाही. पण हे कलम फक्त पैशांच्या हुकूमनाम्याला लागू आहे. ‘निम्मे शेअर अमक्याचे’ एवढंच निकालात असेल, तर त्याच्या आधारे इथे वेगळा दावा करावा लागतो. प्लँटखालच्या जमिनीची मालकी तर परदेशी कोर्ट ठरवूच शकत नाही.

पैशांच्या वसुलीची दरखास्त (हुकूमनामा अमलात आणण्याचा अर्ज) जिल्हा न्यायालयात लावायची. सोबत निकालाची प्रमाणित प्रत हवी, आणि हुकूमनाम्यापैकी किती वसूल झालं याचा दुबईच्या त्याच कोर्टाचा दाखला. हा दाखला नसला की दरखास्त तिथेच अडते. निकाल अरबीत असेल तर भाषांतरही जोडा.

खरी लढाई त्याच संहितेच्या कलम १३ वर होते; परदेशी निकाल इथे कधी मान्य होत नाही, ते हे कलम सांगतं. समोरचा गैरहजर म्हणून, पुरावा न तपासता दिलेला एकतर्फी निकाल गुणदोषांवरचा (दोन्ही बाजूंचं खरं-खोटं तपासून दिलेला) मानला जात नाही आणि इथे टिकत नाही. म्हणून समन्स बजावल्याचे आणि तिथे दिलेल्या पुराव्याचे कागद पहिल्या दिवसापासून जपा.

अमेरिकेतल्या निकालाला ४४अ लागूच नाही. त्यावर निकालाच्या तारखेपासून ३ वर्षांत दावा लावावा लागतो.