नदीपलीकडची फाइल

नागपूरहून आर्वीकडे येणाऱ्या एस. टी.च्या कंडक्टरने माझ्या पायांजवळच्या पोत्याकडे दोनदा पाहिले, मग बुटाच्या टोकाने ते हळूच ढोसले आणि आवाज खाली आणून विचारले, “गुरुजी, ह्याच्यात जितं काही नाही ना?” मी त्याला सांगितले की त्यात एका कार्यालयाने मोडीत काढलेला सर्व्हर आहे. त्याने मान डोलावली आणि अर्धे तिकीट फाडले. पुढच्या तीन आठवड्यांत त्या यंत्राने आमच्या घरात जे काही केले ते पाहता, पोत्यात जिवंत काही आहे ही कंडक्टरची शंका अगदीच निराधार नव्हती, असे मला आज प्रामाणिकपणे वाटते.

हेतू चांगला होता. शाळेतून निवृत्त झाल्यावर गावच्या वाचनालयाचे चिटणीसपद माझ्याकडे आले, आणि वीज व इंटरनेट या दोन्ही गोष्टी पाहुण्यासारख्या येणाऱ्या आमच्या गावात मुलांना मराठी विकिपीडिया तरी कायमचा हाताशी असावा, असे माझ्या मनाने घेतले. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, आणि किविक्स नावाच्या मुक्त प्रणालीच्या साहाय्याने तो सगळाच्या सगळा उतरवून इंटरनेटशिवाय वाचता येतो. त्यासाठी एक संगणक लागतो. तळहातावर मावेल एवढा ‘रास्पबेरी पाय’ नावाचा छोटा संगणक हे काम निमूटपणे करतो, हे मला माझ्या पुण्यातल्या पुतण्याने नंतर सांगितले; परंतु तोवर मी पंचवीस किलोंचा ऐवज घरी आणून बसलो होतो आणि तो परत नेण्याची माझ्या कमरेची तयारी नव्हती.

यंत्राची उंची साडेतीन इंच आणि लांबी सव्वादोन फुटांहून अधिक, म्हणजे साधारणपणे जेवणाच्या पाटाला पत्र्याचा डगला शिवावा तसा त्याचा आकार. मागे दोन वीजपुरवठे, पोटात सहा पंखे. हे पंखे बटण दाबल्याबरोबर पहिली काही मिनिटे संपूर्ण वेगाने फिरतात, ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. शेजारचे पाटील धोतराचा सोगा सावरत कुंपणापाशी आले. “गुरुजी, थ्रेसर कायले लावलं उन्हायात? हरबरा तं कवाचाच निघाला.” असल्या यंत्रांना आत येणारी हवा साधारण ३५ अंशांपर्यंतची मानवते, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा सहज ४४-४५ वर जातो, तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिमशी जुळण्याआधी या यंत्राला वर्धा जिल्ह्याशी जुळावे लागणार होते. मी ते माजघरात कूलरच्या पुढ्यात ठेवले. कूलरपुढची ती जागा तीस वर्षे सौभाग्यवतींची होती. त्यांनी त्यावर काहीही भाष्य केले नाही, आणि जाणत्यांस या मौनाचा अर्थ सांगायला नको.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून मी डेबियनची निवड केली, कारण तिच्या अकराव्या आवृत्तीचा पेनड्राइव्ह माझ्याकडे आधीपासून होता. निवडीची एवढी कारणमीमांसा मला पुरेशी वाटली. पहिल्या दिवशी यंत्राने पेनड्राइव्ह ओळखलाच नाही, दुसऱ्या दिवशी ओळखला तर पडदा काळा झाला. हे दोन्ही प्रश्न पुतण्याने फोनवर सोडवले. एकदा बायोसमधला, म्हणजे यंत्र जागे होताना आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममधला, एक पर्याय बदलून, आणि एकदा सुरुवातीच्या ओळीला ‘नोमोडसेट’ असा शब्द जोडून, ज्याचा अर्थ मी विचारला नाही व त्यानेही सांगितला नाही.

खरी परीक्षा डिस्कांनी घेतली. यंत्रात सहा डिस्का डोळ्यांना दिसत होत्या, त्यांचे हिरवे दिवे लुकलुकत होते, एक तर कानाला ऐकूही येत होती. परंतु डेबियनच्या इन्स्टॉलरने जाहीर केले की एकही डिस्क आढळली नाही, आणि लागणाऱ्या ड्रायव्हरचे, म्हणजे डिस्कांशी बोलणाऱ्या प्रोग्रॅमचे, नाव ठाऊक असल्यास खालच्या यादीतून निवडावे. यादी दिली की ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहायची, ही शिक्षकाची खोड. मी चार दिवस एकेक ड्रायव्हर निवडून पाहिला. वही केली, रकाने आखले, प्रत्येकापुढे फुली मारली. या चार दिवसांत योग्य तो ड्रायव्हर मुळात पहिल्या क्षणापासून लागलेलाच होता. अडचण अशी होती की या सर्व्हरांत डिस्का आणि संगणक यांच्यामध्ये रेड (RAID) कार्ड नावाचा एक कारभारी बसलेला असतो, आणि तो खऱ्या डिस्का कोणालाच दाखवत नाही. त्याने आपल्या दप्तरात डिस्कांचे जे गट बांधले असतील तेवढेच तो आभासी डिस्क म्हणून पुढे करतो. आधीच्या कार्यालयाने यंत्र देताना ते दप्तर पुसून टाकले होते, तेव्हा कारभाऱ्याच्या हिशेबी घरात काही नव्हतेच.

हे दप्तर उघडायचे तर यंत्र सुरू होताना, कार्डाची ओळ पडद्यावर झळकते तेवढ्या पाचेक सेकंदांत, कंट्रोल आणि आर ही दोन बटणे एकदम दाबावी लागतात. यंत्र सुरू व्हायला चार मिनिटे घेते. त्या चार मिनिटांत ती पाच सेकंदे नेमकी कुठे येतात याचा मला पुष्कळ अभ्यास झाला. पहिल्या वेळी मी चष्मा पुसत होतो. दुसऱ्या वेळी पाटील मळणीची चौकशी करायला आले. तिसऱ्या वेळी ओळ आली, बोटे पडली, निळा पडदा उघडला आणि वीज गेली. इन्व्हर्टर होता, पण आमच्या जुन्या इन्व्हर्टरची चौकोनी लहर या वीजपुरवठ्यांना पसंत नव्हती. पंखा आणि दिवा तिच्यावर आनंदाने चालतात, सर्व्हर मात्र तीनदा चीची करून डोळे मिटतो. चौथ्या वेळी दप्तर उघडले, दोन डिस्कांचा एक गट बांधला, आणि इन्स्टॉलरला डिस्क दिसली. एकच दिसली, पण मी सौभाग्यवतींना हाक मारून दाखवली. त्यांनी पदराला हात पुसत पाहिले आणि विचारले, “हे तं ठीक, पन कूलर कवा मोकया होईन?”

त्यानंतर आली नेटवर्कची पायरी. सर्व्हरला चार नेटवर्कची तोंडे होती, मी खिडकीत टांगलेल्या सिमकार्डाच्या राउटरपासून तार आणून एकात खोचली होती, आणि इन्स्टॉलरने तांबड्या पट्टीखाली इंग्रजीत सांगितले की आपल्या काही हार्डवेअरला चालण्यासाठी ‘नॉन-फ्री’ फर्मवेअर फाइल लागते, ती अमुक नावाची असून पेनड्राइव्हवरून देता येईल. मी विज्ञानाबरोबर आठवीला इंग्रजीही शिकवत असे. फ्री म्हणजे फुकट, नॉन-फ्री म्हणजे फुकट नसलेली. अर्थात फाइल विकत घ्यावी लागणार. एवढा मोठा सर्व्हर जवळजवळ फुकट मिळाला होता, तेव्हा एका फाइलला दोनतीनशे रुपये पडले तरी हरकत नाही, असा उदार विचार करून मी नागपूरला गेलो आणि सीताबर्डीवरच्या एका दुकानात उभा राहून फाइलची किंमत विचारली. दुकानदाराने अत्यंत आदराने प्रतिप्रश्न केला, “प्लास्टिकची पाहिजे का पुठ्ठ्याची?”

मी फाइलचे नाव दाखवले. ते मी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून आणले होते, मधे आकडे, आडव्या रेघा, ठिपके, आणि शेवटी एफ व डब्ल्यू. दुकानदाराने पत्रिका उलटून वधूचे नाव वाचले, मग पुन्हा पाठ वाचली, आणि असे काही विक्रीस नसल्याचे सांगितले. एस. टी.चे भाडे व एक संत्र्याचा रस एवढा खर्च करून मी परत आलो.

पुतण्या फोनवर इतका वेळ हसला की मला त्याच्या आईची काळजी वाटली. मग त्याने समजावले. त्या ठिकाणी फ्री म्हणजे फुकट नव्हे, मुक्त. नेटवर्कच्या तोंडामागे एक छोटा प्रोसेसर असतो, त्याला वीज आली की दरवेळी त्याचा स्वतःचा प्रोग्रॅम भरवावा लागतो, आणि तो प्रोग्रॅम कार्ड बनवणारी कंपनी मूळ मजकुराशिवाय, बंद डबीत देते. डबी फुकट असते, पण उघडून पाहता येत नाही. डेबियनने १९९७ साली आपला सामाजिक करार जाहीर केला, त्यात प्रणाली पूर्णपणे मुक्त राहील असे वचन आहे, म्हणून ही डबी ते आपल्या मुख्य घरात घेत नाहीत. “मग ठेवतात कुठे?” “त्यांच्याच सर्व्हरवर, काका. शेजारच्या फोल्डरमध्ये. नाव नॉन-फ्री.”

हे ऐकताच मला सगळा उलगडा झाला, कारण आम्ही वर्धा जिल्ह्याचे. सेवाग्राम आमचे, पवनार आमचे, आणि १९७४ पासून जिल्ह्यात दारूबंदीही आमचीच. परंतु आर्वीच्या बाजूने पश्चिमेकडे गेले की वर्धा नदी लागते, आणि नदी ओलांडली की अमरावती जिल्हा. तिकडे बंदी नाही. अलीकडच्या तीरावर तत्त्व, पलीकडच्या तीरावर दुकान, आणि मधून वाहणारे पाणी दोन्ही तीरांना सारखेच भिजवते. डेबियनची रचना एवढ्या सोप्या भाषेत मला आधी कोणी सांगितली असती तर मी पुठ्ठ्याच्या फाइली पाहत फिरलो नसतो. फरक इतकाच की पलीकडे जायला नावाड्याला नावेचे भाडे द्यावे लागते, आणि येथे नाव चालण्यासाठी लागणारे वल्हे पलीकडच्या तीरावर ठेवलेले असते; नेटवर्क सुरू करणारी फाइल ही नेटवर्कवर.

माझ्याकडे फोन होता म्हणून वल्हे मिळाले. पुतण्याने फाइल पाठवली, मी ती फोनमधून पेनड्राइव्हवर घेतली, पेनड्राइव्ह खोचला, आणि इन्स्टॉलरने तीच तांबडी पट्टी पुन्हा दाखवली. दोन दिवस. पुतण्याला मी नाव वाचून दाखवले होते ते लग्नपत्रिकेवरून, आणि पत्रिकेवर मी इंग्रजी लहान बी हे अक्षर ज्या वळणाने काढले होते ते माझ्याच डोळ्यांना सहाचा आकडा वाटले. त्याने मला हवी तीच फाइल दिली होती, पण पेनड्राइव्हवर घेताना ‘चूक’ दुरुस्त करून मी नाव बदलले होते. पस्तीस वर्षे मुलांच्या वह्यांत अक्षर वळणदार काढा असा शेरा मी तांबड्या शाईने मारला, त्या सर्व वह्या त्या रात्री माझ्या डोळ्यांपुढून गेल्या. नाव पूर्ववत केले. तोंडावरचा पिवळा दिवा लागला.

पुढच्याच पडद्यावर डेबियनने सांगितले की तिच्या भांडारातली सूची अजून वैध झालेली नाही, वैध व्हायला पुष्कळ वर्षांचा अवकाश आहे. सूचीवर कालची तारीख होती. मी सर्व्हरची तारीख पाहिली, तर तेथे १ जानेवारी २००९. मदरबोर्डावरची बॅटरी मेली होती, आणि वीज गेली की हे यंत्र नेमाने त्याच दिवशी जागे होत होते. त्याने वेळ विचारायला इंटरनेटवर हाकही मारली होती म्हणे, पण आमच्या राउटरच्या गतीने उत्तर येण्याआधीच त्याने नाद सोडला. मी हाताने तारीख घातली, संध्याकाळी वीज गेली, पुन्हा २००९. त्या तारखेला मी नोकरीत होतो, माझे सगळे दात माझे होते. सर्व्हरच्या मताशी सहमत होण्याचा मोह मला झाला हे मी नाकारत नाही. आर्वीच्या बाजारात घड्याळे दुरुस्त करणाऱ्याकडे सीआर २०३२ मिळाली, वीस मिलिमीटर व्यासाची, तीन व्होल्टची, चवलीसारखी चकचकीत. त्याने ती सोनाराच्या काट्यासाठी आणून ठेवली होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात किविक्स सुरू झाले. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे मुलांना दाखवायला वेळ होता. तोवर पाटलांनी स्वतःचे आडनाव शोधून पाहिले आणि लेख लांब असल्याबद्दल समाधान व्यक्त केले.

त्याच आठवड्याच्या शेवटी पुतण्याचा फोन आला. १० जून २०२३ रोजी डेबियनची बारावी आवृत्ती आली होती, आणि आदल्या वर्षी सदस्यांनी मतदान घेऊन ठरवल्याप्रमाणे, नेटवर्कला लागणाऱ्या त्या बंद डब्या आता अधिकृत इन्स्टॉलरमध्येच घातलेल्या होत्या. पेनड्राइव्ह खोचला की झाले. अलीकडच्या तीरावरच दुकान उघडले होते. मी काही वेळ बोललो नाही. “आणि काका,” तो जरा चाचरत म्हणाला, “तशी त्या डब्या घातलेली एक अनधिकृत प्रत अकरासाठीही होती. त्याच पानावर, थोडी खाली.” मी त्याला त्याच्या वडिलांची तब्येत विचारली.

“मग बारावर अपग्रेड करू या का?” तो म्हणाला. “रात्री मी इथूनच करतो. एकदा बंद करून चालू करावा लागेल, बस.”

मी माजघरात डोकावलो. बाहेर आभाळ भरून आले होते. सर्व्हरच्या मागच्या बाजूने कोरड्या, कढत हवेचा झोत अखंड येत होता, आणि त्या झोतापुढे सौभाग्यवतींनी सूप, परात व माझा जुना ड्रॉइंग बोर्ड ओळीने मांडून त्यांवर उरलेल्या कुरडया पसरल्या होत्या. मी दारातूनच विचारले, जरासा बंद केला तर चालेल काय?

“हात नका लावू त्याले,” त्या म्हणाल्या. “अजून दोन दिवस तं लागतेतच.”