‘रेझिस्टर लागत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

एचसी-एसआर०४ हा ध्वनी सोडून त्याचा इको, म्हणजे प्रतिध्वनी, परत यायला लागलेल्या वेळेवरून अंतर मोजणारा सेन्सर. त्याच्याबद्दलचा हा मेसेज बघा: ‘एचसी-एसआर०४ कुठल्याही बोर्डला थेट जोडा, आलेल्या वेळेला ५८ ने भागा, ३ मिलिमीटरपर्यंत अचूक अंतर मिळतं. काच दिसत नाही. रेझिस्टर म्हणजे जुन्या लोकांची भीती.’ हा मेसेज फिरत फिरत भाच्याच्या प्रोजेक्ट ग्रुपवर पोचला, आणि आता तिथली पोरं गाडी बनवायला ईएसपी३२ हा ३.३ व्होल्टचा बोर्ड घेऊन बसलीत. म्हणून हा खटाटोप.

आधी रेझिस्टर. सेन्सर ५ व्होल्टवर चालतो, त्यामुळे मोजलेला वेळ बोर्डला कळवणारी त्याची इको पिनही ५ व्होल्ट बाहेर टाकते. ईएसपी३२ च्या डेटाशीटमध्ये इनपुटची कमाल मर्यादा आहे पुरवठा अधिक ०.३, म्हणजे ३.६ व्होल्ट. ‘माझं तर चालतंय’ हे उत्तर नव्हे. पिन पहिल्याच दिवशी जात नाही, म्हणून तर असले सल्ले पसरतात. इकोपासून १ किलोओहम, पुढे ग्राउंडला २ किलोओहम, आणि दोघांच्या जोडावरून बोर्डची पिन: ३.३३ व्होल्ट मिळतात. हाच व्होल्टेज डिव्हायडर. इथेही घोळ होतो. दोन्हींची अदलाबदल झाली की पिनवर जेमतेम १.६७ व्होल्ट येतात, बोर्डला ते ‘हाय’ वाटतीलच याची खात्री नाही. नाही वाटले, तर पल्सइन हे वेळ मोजणारं फंक्शन शून्य परत करतं, कोड त्याला ‘० सेंटिमीटर’ समजतो आणि समोर काही नसताना गाडी जागीच थांबते. शून्य म्हणजे ‘इको आलाच नाही’, हे कोडमध्ये वेगळं तपासा. ट्रिग, म्हणजे मोजणी सुरू करायचा इशारा बोर्डकडून घेणारी सेन्सरची पिन, तिला डिव्हायडर नको.

आता ‘कुठल्याही बोर्डला’ यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य. अर्डुइनो ऊनो हा बोर्ड ५ व्होल्टचा, तिथे थेट जोडणी बिनधास्त करा. नावात शेवटी पी असलेला सेन्सर ३.३ वरही चालतो. पण मेसेजमध्ये हा फरक कुठे आहे?

मायक्रोसेकंदांतल्या वेळेचे सेंटिमीटर करणारा ५८ हा आकडा हवा साधारण २२-२३ अंश सेल्सिअस धरून काढलेला. ध्वनीचा वेग ३३१.३ + ०.६०६ × तापमान, मीटर प्रति सेकंद. ४० अंशांना २०० सेंटिमीटरवरची भिंत १९४ वर दिसेल. म्हणजे ६ सेंटिमीटरची चूक, आणि गप्पा ३ मिलिमीटरच्या!

काचेचं तर उलटंच. ध्वनीला पारदर्शकता कळत नाही, समोरासमोरची काच उत्तम दिसते. फसवतात ते तिरके गुळगुळीत पृष्ठभाग आणि जाड पडदे.

आणि दोन मोजण्यांमध्ये किमान ६० मिलिसेकंद थांबा, नाहीतर मागच्या फेरीचा इको पुढच्या मोजणीत घुसतो.