दाबलं की गप्प

आमची १९८८ सालची प्रीमियर पद्मिनी ही सौभाग्यवतींच्या माहेरची. माहेरहून आलेल्या वस्तूला नवऱ्याने नावं ठेवायची नसतात, म्हणून मी वर्षानुवर्षं तिचं काळं प्लास्टिकचं स्टिअरिंग मुकाट्याने फिरवत होतो. ते मूळचं नव्हतं. मूळचं तडकल्यावर सासऱ्यांनी कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीचं खटपट करून बसवलं होतं. उन्हात तव्यासारखं तापायचं, पावसाळ्यात हाताला चिकटायचं. पण मधोमध कुठेही थाप मारा, हॉर्न वाजायचा. या गुणाची तेव्हा मला काडीची किंमत नव्हती.

ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्स्या वीस वर्षांची मुदत भरून रस्त्यावरून गेल्या. पेपरातले फोटो बघून लोक हळहळले. मीही हळहळलो, आणि हळहळलेल्या माणसाने बाजारात जाऊ नये हे ठाऊक असूनही जुन्या बाजारात गेलो. पुण्याचा जुना बाजार आहे मंगळवार पेठेत आणि भरतो बुधवारी नि रविवारी. तिथून सरळ काही घरी येईल ही अपेक्षाच चूक.

तिथे ते होतं. लाकडी कड्याचं स्टिअरिंग, भोकं पाडलेले तीन चकचकीत दांडे, मध्ये गोल बटण. "इटालियन आहे, साहेब," विक्रेता म्हणाला. साडेचार हजारांवरून बावीसशेवर आला तेव्हाच त्याचं इटलीशी असलेलं नातं मला कळायला हवं होतं.

घरी हिने ते निरखून पाहिलं आणि विचारलं, "आहे ते वळत नाही का?"

या प्रश्नाला आजही माझ्याकडे उत्तर नाही.

आता, नवं स्टिअरिंग गाडीतून वर येणाऱ्या दातेरी दांड्यावर थेट बसत नाही. मध्ये एक जोडतुकडा लागतो, त्याला बॉस म्हणतात. बॉसवर सहा बोल्ट, स्टिअरिंगच्या चाकाला सहा भोकं. सहा आणि सहा बघून मी खूश. पण बॉसच्या भोकांचं वर्तुळ ७० मिलिमीटरचं आणि चाकाच्या भोकांचं ७४चं. म्हणे इटलीतल्या स्टिअरिंग बनवणाऱ्या दोन घराण्यांची ही दोन मापं आहेत. चार मिलिमीटर म्हणजे दोन तांदळांची जाडी, पण सोयरीक मोडायला पुरली. शेवटी लेथवाल्याकडून मधली चकती करून घेतली. त्याने ती हौसेने काळ्या रंगात रंगवूनही दिली. हा रंग पुढे महत्त्वाचा आहे.

जुनं चाक उतरवणं मी स्वतःच्या अंगावर घेतलं. नट काढला, चाक ढिम्म. धरून हलवलं, ओढलं, पाय लावून ओढलं. ते निघालं तेव्हा थेट माझ्या हनुवटीवर आलं. नट चार आटे तरी अडकवून ठेवायचा असतो, म्हणजे चाक सुटलं तरी तिथेच अडतं, हे मिस्त्रींनी मला नंतर हनुवटीकडे बघत सांगितलं.

नवं चाक बसलं. एक दाता चुकला होता, त्यामुळे गाडी सरळ जाताना दांडे तिरके दिसायचे. ही शेजारी बसून म्हणाली, "गाडी बरोबर चाललीय, तुम्हीच वाकडे बसल्यासारखे दिसताय." शिवाय चाक लहान आणि गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही, गाडी लावताना तालीम व्हायची. तेही चाललं असतं. पण हॉर्न वाजेना.

मिस्त्रींनी निदान केलं, "साहेब, अर्थ नाही."

आमच्या गाडीत हॉर्नपर्यंत करंट आधीच पोचलेला असतो. बटणाने फक्त त्याला गाडीच्या लोखंडाशी जोडायचं, म्हणजे अर्थ द्यायचा. तो अर्थ लेथवाल्याच्या काळ्या रंगाने अडवला होता. अर्थ नाही म्हणून आवाज नाही, हा नियम फक्त मोटारीत पाळला जातो. सभा-संमेलनांत मी कायम उलटच पाहिलं आहे.

मिस्त्रींनी रंग खरवडला, आणि "आता कायमचं काम करतो" म्हणून एक पाच पायांचा रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विचही बसवला. रिलेमुळे बटणावर भार येत नाही. त्याच्या ३० नंबरच्या पायावर बॅटरीची वायर येते आणि हॉर्नची जोडायची ८७वर. बटण दाबलं की हे दोन पाय एकत्र येतात. पण त्याला मधोमध ८७ए नावाचा आणखी एक पाय असतो, आणि तो दाबलं नसतानाच जोडलेला असतो. हॉर्नची वायर कुठे गेली हे मी सांगायला नको.

मिस्त्रींनी बॅटरी जोडली आणि गाडी बोंबलायला लागली. किल्ली काढली, तरी बोंब. घाबरून मी बटणावर हात ठेवला, तर एकदम शांत. हात काढला, पुन्हा बोंब. "दाबून धरा साहेब, दुकानातून दुसरा रिले आणतो," म्हणून मिस्त्री स्कूटरवर गेले. रिले ठीकच होता, पण हे त्यांना सांगणार कोण? मी दुपारी दोनच्या उन्हात, सोसायटीच्या अंगणात, वामकुक्षी मोडलेल्या अकरा गॅलऱ्यांसमोर हॉर्न *न* वाजवत बसून राहिलो. नाक खाजवायला हात बदलला तेवढ्यात जोशी आजोबांचा पंचा खाली पडला.

शेवटी ही खाली आली. बॉनेट उघडलं, दहा नंबरचा पाना लावला, बॅटरीची क्लिप सोडवली.

"तुला येतं हे?"

"बाबांनी शिकवलंय. गाडीबरोबर."

गाडीला हॉर्न हवाच, असं मोटार वाहन नियम सांगतात. विनाकारण वाजवला तर मोटार वाहन कायद्याच्या १९४ एफ कलमाखाली तेव्हा हजार रुपये दंड होता. एका आठवड्यात मी दोन्ही बाजूंनी गुन्हेगार ठरलो होतो.

वायर योग्य पायाला लागेपर्यंत आणखी आठ दिवस गेले. तेवढ्या दिवसांत ही खिडकीतून डोकं बाहेर काढून हॉर्नचं काम करायची. "ओ काका, स्कूटर जरा आत घेता का?" काका घ्यायचे.

मग एका रविवारी आम्ही बोहरी आळीत शिरलो. पुढे हातगाडी आडवी. मी आरामात अंगठा उचलला आणि ते गोल बटण दाबलं. घनगंभीर, दमदार आवाज आला. हातगाडीवाला वळला, खिडकीशी आला, आत वाकला.

"लाकडी आहे का हो? भारी दिसतंय!"

आणि तिथेच उभा राहिला. मी पुन्हा वाजवला. त्याने मान डोलावली.

हिने काच खाली केली. "ओ दादा, बघून झालं असेल तर गाडी तेवढी सरकवा."

त्याने सरकवली.

"हॉर्न चालू झालाय आता," मी म्हणालो.

"हो, ऐकला ना मी," ती म्हणाली, आणि काच खालीच ठेवली.