चुलीचा धूर औषधी? नाही
खानापूर भागातल्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: 'लाकडाचा धूर नैसर्गिक, घरात कोंडू द्या, जंतू मरतात.' हे चूक आहे. आढ्याला टांगलेल्या बियाण्याच्या कणसांना धुरामुळे सहसा कीड लागत नाही, एवढं खरं. पण फुफ्फुस म्हणजे मक्याचं कणीस नव्हे! त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, बेंझिन आणि सूक्ष्म कण असतात. यातल्या सूक्ष्म कणांसाठी (पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण) जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मर्यादा २४ तासांना सरासरी १५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर; बंद घरातली चूल ती कितीतरी पटींनी ओलांडते. पावसाळ्यात ओलं जळण फुंकणीने फुंकणाऱ्या आईचे लाल डोळे आठवा. जळण वाळवून वापरा, खिडकी उघडी ठेवा, धुराडं साफ करा. गॅसवर फोडणी देतानासुद्धा खिडकी उघडीच हवी. आणि चूल पेटवायला दुधाची पिशवी अजिबात नको.